तालमीतले विमान

लोहगावच्या धावपट्टीवरून सुखोई विमाने झेपावू लागली की विमाननगरापासून येरवड्यापर्यंतच्या घरांची तावदाने थरथरू लागतात, आणि या गर्जनेची वर्षानुवर्षे सवय झालेला पुणेकरही बोलता बोलता थांबतो, कारण थांबल्यावाचून त्याला गत्यंतरच नसते. तुकोबांचे आजोळ म्हणून वारकऱ्यांना वंदनीय असलेल्या या गावी, दुसऱ्या महायुद्धाला तोंड फुटले त्याच १९३९ साली, मुंबईच्या हवाई संरक्षणाच्या हेतूने सरकारने विमानतळ उभारला. त्यानंतर या तळावर जी जी लढाऊ विमाने आली आणि गेली त्यांची नावे जाणत्यांच्या ओठांवर असतात. परंतु ती विमाने चालविणाऱ्या आरंभीच्या पिढ्यांचे हात ज्या विमानावर घडले ते लढाऊ नव्हते आणि वेगवानही नव्हते. लाकडी फासळ्यांवर ताणलेले कापड, पोलादी नळ्यांचा सांगाडा, तारांनी आवळलेले दोन मजली पंख, आणि एकामागे एक अशा उघड्या दोन बैठका, एवढाच त्याचा सरंजाम होता. त्याचे नाव टायगर मॉथ.

पुण्याच्या पेठांत वाढलेल्यांना तालीम आणि वस्ताद यांचे नाते निराळे समजावून सांगावे लागत नाही. चिंचेच्या तालमीतला असो की दुसऱ्या कोणत्या, वस्ताद स्वतः मैदानात उतरत नाही. तो आपल्या पठ्ठ्याला लाल मातीत शंभर वेळा पाडतो, शंभर वेळा उठवतो, आणि पठ्ठा कुस्ती मारून गदा खांद्यावर टाकून परतला म्हणजे गर्दी जमते ती पठ्ठ्याभोवती. टायगर मॉथची सारी कारकीर्द मला या वस्तादासारखी वाटत आली आहे, आणि त्याच्या अंताची कथा मनाला लागते तीही याच कारणाने.

त्याचा जनक जेफ्री डी हॅविलंड हा इंग्रज अभियंता कीटकशास्त्राचा, विशेषतः पतंगांचा, मोठा शौकीन होता, म्हणून १९२५ साली सामान्य माणसाला परवडेल असे छोटे विमान त्याने निर्माण केले तेव्हा त्याचे नाव त्याने मॉथ, म्हणजे पतंग, असे ठेवले. आपल्या भाषेत पतंग हा शब्द दिव्यावर झेपावणाऱ्या कीटकालाही लागतो आणि संक्रांतीच्या सुमारास आकाशात चढणाऱ्या कागदी खेळण्यालाही लागतो. काड्या, कापड आणि तारा यांनी साकारलेल्या या यंत्राला हे दोन्ही अर्थ एकाच वेळी लागू पडतात, आणि इंग्रजी नाव देणाऱ्याला ठाऊक नसलेली ही शोभा मराठी वाचकाच्या वाट्याला आपसूक आली आहे. या मॉथचे घराणे पुढे पुष्कळ विस्तारले. जिप्सी मॉथ, पस मॉथ, लेपर्ड मॉथ अशी एकेक भावंडे जन्मली, आणि केवळ लष्करी शिक्षणाच्या गरजा डोळ्यांसमोर ठेवून घडविलेला टायगर मॉथ २६ ऑक्टोबर १९३१ रोजी लंडनजवळच्या स्टॅग लेन येथून प्रथम आकाशात गेला.

त्याची घडण समजून घेण्यासारखी आहे, कारण तिच्यातला जवळजवळ प्रत्येक बाक शिक्षणाच्या एखाद्या अडचणीतून उद्भवलेला आहे. जुन्या मॉथमध्ये वरचा पंख पुढच्या बैठकीच्या नेमक्या वर येई आणि त्याला तोलून धरणारे खांब बैठकीभोवती उभे असत. पाठीवर हवाई छत्री बांधलेल्या शिक्षकाला संकटसमयी त्या पिंजऱ्यातून बाहेर उडी घेणे दुरापास्त होते. म्हणून वरचा पंख पुढे सरकविला. तो पुढे सरकताच विमानाचा तोल बिघडला, कारण पंखांनी धरलेला भार आणि विमानाचा गुरुत्वमध्य यांचा मेळ बसेना. तेव्हा दोन्ही पंखांची टोके मागच्या बाजूस कलती करून तो तोल परत आणला. टायगर मॉथचे चित्र पाहताना पंखांचा जो मागे झुकलेला डौल डोळ्यांत भरतो तो शोभेसाठी नाही. तो शिक्षकाच्या जीवितासाठी आहे. हवेने थंड होणारे चार सिलिंडरांचे इंजिनही उलटे बसविलेले, म्हणजे सिलिंडर खाली आणि दांडा वर, असे होते, जेणेकरून नाकाचा उंचवटा कमी होऊन वैमानिकाला पुढचे थोडे अधिक दिसावे. हे जिप्सी मेजर इंजिन १३० अश्वशक्तीचे. वरच्या पंखाच्या मध्यभागी १९ गॅलनांची पेट्रोलची टाकी असे आणि तेथून पेट्रोल आपल्या वजनाने खाली उतरे, त्यामुळे पंप नाही आणि पंप बिघडण्याची धास्तीही नाही. पंखांचा विस्तार २९ फूट ४ इंच, लांबी २३ फूट ११ इंच, आणि अधिकांत अधिक वेग ताशी १०९ मैल, म्हणजे पुणे–मुंबई द्रुतगती मार्गावरील बेफाम मोटारीच्या जवळपास.

दोन पंख एकावर एक कशासाठी, असा प्रश्न आजच्या वाचकाला पडणे साहजिक आहे. लाकूड आणि कापड यांचा एकच लांब पंख पुरेसा बळकट करायचा तर तो जड होतो. उलट दोन आखूड पंख मधल्या खांबांनी आणि तिरप्या तारांनी एकमेकांशी जखडले तर जुन्या लोखंडी रेल्वेपुलाच्या चौकटीप्रमाणे सगळा भार तारा आणि खांब वाटून घेतात, आणि हलक्या सामग्रीतून मजबुती निर्माण होते. शिवाय पंखांचे क्षेत्रफळ वाढल्याने विमान मंद वेगातही हवेत तरंगते, आणि नवशिक्याला मंद वेगाइतकी दुसरी कोणतीही सवलत मोलाची नसते. या योजनेची किंमत एवढीच की त्या तारा आणि ते खांब हवेला अडवितात. उतरताना इंजिन मंद केले की त्या तारांतून वाऱ्याची शीळ घुमू लागते, आणि त्या शिळेच्या उंच-नीच सुरावरून वेगाचा अंदाज घेण्यास जुने शिक्षक शिष्यांना शिकवीत.

शिक्षक पुढे बसे, शिष्य मागे. दोघांच्या मध्ये तारयंत्र नव्हते, विद्युत नव्हती; एक रबरी नळी होती, जिच्या एका टोकाशी शिक्षकाचे तोंड आणि दुसऱ्या टोकाशी शिष्याचे कातडी शिरस्त्राणात दडलेले कान. तिला गॉस्पोर्ट नळी म्हणत, कारण इंग्लंडातील गॉस्पोर्ट येथे पहिल्या महायुद्धात १९१७ साली रॉबर्ट स्मिथ-बॅरी या अधिकाऱ्याने उड्डाणविद्येच्या अध्यापनाची जी पद्धत बसविली तिचे ते साधन होते. त्याच्यापूर्वी शिष्याला संकटापासून दूर ठेवणे हीच शिकवण समजत; स्मिथ-बॅरीने शिष्याला मुद्दाम संकटात घालून त्यातून बाहेर पडण्याचा मार्ग दाखविण्याचा शिरस्ता पाडला. टायगर मॉथ या पद्धतीसाठीच जणू जन्माला आला होता. वेग घटवीत नेला, नाक उंच धरले, की पंखांवरचा हवेचा प्रवाह तुटतो आणि विमान आधार सुटल्यासारखे खचते. त्याच वेळी पायातला सुकाणूचा दांडा एका बाजूस दाबला तर ते नाक खाली घालून गरगर फिरत जमिनीकडे निघते. या गिरकीतून सुटण्याचा उपाय मनुष्याच्या स्वभावाविरुद्ध आहे. जमीन वेगाने वर येताना दिसत असता हातातला दांडा मागे खेचावासा वाटतो, आणि तो तर पुढे लोटावा लागतो. गिरकीच्या उलट दिशेचे सुकाणू आधी दाबावे लागते आणि मग धीर धरावा लागतो. टायगर मॉथ ही गिरकी खुशाल घेई आणि नियमाप्रमाणे वागणाऱ्याला तितक्याच खुशाल सोडूनही देई. पुढे १९४०च्या दशकाच्या आरंभी काही विमाने गिरकीतून सुटण्यास कुचराई करीत असल्याचे आढळल्यावर शेपटाजवळ दोन अरुंद पट्ट्या बसविण्याचे हुकूम निघाले.

याहून सूक्ष्म गुण असा की या विमानाला सांभाळून घेणे ठाऊक होते, पण झाकून घेणे ठाऊक नव्हते. वळण घेताना हात आणि पाय यांचा मेळ किंचित चुकला तरी विमान बाजूला घसरे आणि उघड्या बैठकीतल्या वैमानिकाच्या एका गालावर वारा झोंबे. चूक किती आणि कोणत्या अंगाची, हे यंत्राकडे न पाहताही कळे. ते उडविणे सोपे, पण चोख उडविणे फार कठीण, असे त्याच्यावर शिकलेले सगळे सांगत आले आहेत. ब्रेक नव्हते आणि शेपटाला चाक नसून घसरती पट्टी होती, त्यामुळे जमिनीवर त्याला नागमोडी चालवीत न्यावे लागे, आणि वारा असला तर दोन माणसे पंखांची टोके धरून बरोबर धावत. इंजिन चालू करण्यासाठी कळ नव्हती. एक मनुष्य पुढे उभा राहून लाकडी पंख्याला हाताने हिसडा देई. त्याच्या आणि वैमानिकाच्या दरम्यान ‘स्विच ऑफ’ आणि ‘कॉन्टॅक्ट’ या शब्दांची देवघेव मंत्रोच्चाराइतक्या काटेकोरपणे होई, कारण त्या उच्चारात चूक झाली तर हात जाण्याचे भय असे.

आपल्या मुलखात या घराण्याचा प्रवेश मुंबईच्या जुहूवरून झाला. १९२८ साली तेथे बॉम्बे फ्लाइंग क्लब उभा राहिला आणि त्याच क्लबात मॉथवर शिकलेल्या जे. आर. डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी वैमानिकाचा जो परवाना मिळाला तो भारतात दिलेला पहिला परवाना होय. तीन वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला आणले ते याच घराण्यातल्या, मात्र एकाच पंखजोडीच्या, पस मॉथमधून; या उड्डाणाचे कौतुक आजही होते, आणि ते होणे योग्यच आहे, परंतु त्या हातांना वळण लावणाऱ्या क्लबातल्या दुपंखी मॉथची आठवण त्या कौतुकात क्वचितच काढली जाते.

युद्ध पेटल्यावर हा पसारा एकाएकी वाढला. हवाई दलाकडे नवे वैमानिक घडविण्याची पुरेशी व्यवस्था नव्हती, म्हणून सरकारने देशातील फ्लाइंग क्लबांकडे स्वयंसेवक तरुणांना प्राथमिक उड्डाण शिकविण्याचे काम सोपविले, आणि क्लबांची विमानेही सरकारजमा केली. मागाहून निजामाच्या राज्यात बेगमपेठेला आणि मारवाडात जोधपूरला प्राथमिक उड्डाणशाळा स्थापन झाल्या. तेथे टायगर मॉथवर हात बसला की शिष्याची रवानगी अंबाल्याच्या पुढच्या शाळेत, अधिक जड आणि अधिक तापट विमानांवर होई. पुण्याच्या वाट्याला या साखळीतली पहिली कडी काही काळ आली होती: वैमानिक होऊ पाहणाऱ्या तरुणांना विमानाला हात लावण्यापूर्वी दिशाज्ञान, हवामान आणि कवायत शिकविणारे इनिशियल ट्रेनिंग विंग युद्धाच्या उत्तरार्धात येथे होते. त्या पिढीतले हृषीकेश मुळगावकर १९४० साली हवाई दलात दाखल झाले, काश्मीरच्या युद्धातील पराक्रमाबद्दल महावीर चक्राचे मानकरी ठरले, १९७६ ते १९७८ या काळात वायुसेनाप्रमुख झाले आणि २०१५ साली, नव्वदी ओलांडल्यावर, पुण्यात निवर्तले. त्यांच्यासारख्यांची नावे इतिहासात राहिली, आणि तेच न्यायाचे. जगभर मिळून ८,८०० हून अधिक संख्येने बांधलेल्या टायगर मॉथमधल्या एकेका विमानाला मात्र नाव नसे, नुसता आकडा असे.

येथे एक आडवळणाची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १९३५च्या सुमारास इंग्रजांनी या विमानाचा एक भाऊ वैमानिकाविना, बिनतारी संदेशांनी चालविला, तो तोफखान्याला नेमबाजीचा सराव देण्यासाठी. त्याला त्यांनी क्वीन बी, म्हणजे राणीमाशी, असे नाव दिले. आणि राणीमाशीवरून नर माशीचे ‘ड्रोन’ हे नाव वैमानिकरहित विमानांना पडले, असे बहुतेक जाणकार मानतात. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्त्यावरून मिरवणूक जात असता डोक्यावर जे यंत्र घोंघावत चित्रे टिपीत असते त्याच्या नावाचा धागा असा या कापडी विमानापर्यंत पोहोचतो.

आता त्याच्या नाशाकडे वळले पाहिजे. शिकविणारे विमान युद्धात पडत नाही. ते शिष्याच्या हातून पडते. उतरण्यासाठी धावपट्टीकडे शेवटचे वळण घेताना वेग आधीच कमी असतो. वळण चुकत आहेसे दिसताच नवशिका पाय अधिक दाबतो आणि नाक वर ओढतो, आणि जी गिरकी तीन हजार फुटांवर धडा ठरते ती तीनशे फुटांवर प्राण घेते, कारण सुटकेला उंचीच उरलेली नसते. आपल्या हवामानाने या धोक्यात भर घातली. उन्हाळ्यात तापलेली हवा विरळ होते. समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० फूट उंच असलेल्या पुण्यात, किंवा जवळपास तेवढ्याच उंचीच्या बेगमपेठेला, मे महिन्याच्या दुपारी तेच इंजिन कमी जोर देते, तोच पंख कमी भार पेलतो, आणि जमीन सोडण्यास विमानाला अधिक धाव घ्यावी लागते. इंग्लंडच्या थंड कुरणांवर पाठ केलेले अंतराचे हिशेब येथे चुकत.

परंतु अपघातांहून शांत आणि निश्चित असा शत्रू पावसाळा होता. पंखांची चौकट स्प्रूस लाकडाची, तिच्यावर लिननचे कापड, आणि कापडावर डोप नावाच्या रोगणाचे हात; हे रोगण वाळताना आकसते आणि कापड मृदंगाच्या पुडीसारखे ताठ होते. उन्हाने ते तडकते, तडकलेल्या जागेतून दमट हवा आत शिरते, आणि आतल्या लाकडाचे सांधे ज्या सरसाने जोडलेले असतात त्याच्यावर तिचा घाला पडतो. त्या काळच्या लाकडी विमानांत दुधातील केसीनपासून केलेला सरस सर्रास वापरात होता, आणि ओलाव्यात त्याला बुरशी खाते. याच डी हॅविलंडच्या मॉस्किटो या लाकडी लढाऊ विमानाचे पंख १९४४च्या उत्तरार्धात भारताच्या आकाशात निखळण्याचे प्रकार घडले, तेव्हा उड्डाणे तहकूब करून तपासणी करावी लागली होती. कोणी आपल्या हवेला दोष दिला, कोणी कारखान्यातील जोडकामाला. टायगर मॉथचा वेग आणि भार अल्प म्हणून त्याच्यावर असा आकस्मिक प्रसंग ओढवला नाही. त्याचे मरण हप्त्याहप्त्याने आले. कापड बदलायचे, सांधे ठोकून पाहायचे, आवाज पोकळ आला तर फासळी बदलायची, हे करण्याइतका वेळ आणि कसबी सुतार जोवर उपलब्ध होते तोवर ते टिकले. पुढे दुरुस्तीचा खर्च विमानाच्या किमतीवर चढला, आणि दप्तरातून एकेक आकडा कमी होत गेला.

त्याची जागा घेणाऱ्याची हकीकत मराठी वाचकाला अभिमान वाटावा अशी आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट ही कंपनी निघाली. गडहिंग्लज तालुक्यातील हसूरचंपूचे विष्णू माधव घाटगे, ज्यांनी जर्मनीत गॉटिंगेन येथे लुडविग प्रांटल या वायुगतिशास्त्राच्या आद्य आचार्यांच्या हाताखाली अध्ययन केले होते, त्या कंपनीत आले. आणि त्यांच्या मार्गदर्शनाखाली हिंदी बुद्धीने आखलेले शिक्षणविमान, एच. टी. २, ऑगस्ट १९५१ मध्ये प्रथम उडाले. ते सर्वांगी धातूचे आणि एकाच पंखजोडीचे होते. तारा गेल्या, खांब गेले, कापड गेले. मात्र त्याच्या पहिल्या नमुन्यात बसविलेले इंजिन टायगर मॉथच्याच जिप्सी मेजर घराण्यातले होते. जणू जुन्या वस्तादाने तालमीतून उठताना आपला दम तेवढा नव्याच्या छातीत ठेवला. वायुसेनेच्या शाळांतून टायगर मॉथ हळूहळू मागे पडला, आणि १९५८ साली प्रथम उडालेले पुष्पक हे घाटग्यांच्याच देखरेखीखालचे हलके विमान फ्लाइंग क्लबांना मिळू लागल्यावर तेथलाही त्याचा मुक्काम हलला.

निवृत्त लढाऊ विमाने छावण्यांच्या वेशींवर, चौकांत, शाळांच्या आवारांत चौथऱ्यावर चढविलेली आपण पाहतो. ॲल्युमिनियमची काया रंगाच्या एका हाताने आणखी दहा वर्षे उभी राहते, आणि येणारी-जाणारी मुले तिच्याकडे बोट दाखवितात. टायगर मॉथला हे भाग्य लाभणे शक्यच नव्हते. त्याला उघड्यावर ठेवावे तर पुण्यासारख्या मध्यम पावसाच्या गावातही दोन-तीन पावसाळ्यांत कापडाच्या चिंध्या लोंबू लागतील आणि सांधे सुटतील. त्याला छप्पर हवे, कोरडी हवा हवी, जाणता सुतार हवा. ज्याच्यावर हजारो हात घडले ते विमान आपल्याकडे इतके दुर्मिळ झाले याचे मला मनापासून वाईट वाटते, आणि हे सारे केवळ लाकडाच्या नाशवंतपणामुळे झाले असे म्हणून मनाचे समाधान होत नाही, कारण छपराची सोय ही माणसाच्या हातची गोष्ट असते.

वायुसेनेने मात्र एक विमान राखले. एचयू–५१२ या क्रमांकाचा टायगर मॉथ इंग्लंडातील कारागिरांकडून पुन्हा उड्डाणक्षम करून आणविला, आणि ८ ऑक्टोबर २०१२ रोजी, वायुसेनेच्या ऐंशीव्या वर्धापनदिनी, तो दिल्लीजवळच्या हिंडन तळावर लोकांसमोर उडाला. ते विमान चालू करण्याची रीत १९३१ साली होती तीच आहे: एक मनुष्य पुढे उभा राहतो, मागून वैमानिकाचा शब्द येतो, आणि पंख्याला हाताने हिसडा द्यावा लागतो.